थांबणाऱ्या लिफ्टचं गणित

आमच्या इमारतीतले लोक लिफ्ट दुरुस्तीला येणाऱ्या मिस्त्रींना हसायचे, कारण लिफ्टमध्ये शिरण्याआधी ते बूट काढायचे. बूट दाराबाहेर, मोजे बुटात कोंबलेले आणि हे अनवाणी आत. बटण दाबायचं, डोळे मिटायचे आणि तळमजल्यापासून सहाव्यापर्यंत जाऊन परत यायचं. मग बाहेर येऊन सांगायचे, तिसऱ्यावर थांबताना ब्रेक जरा उशिरा धरतोय. वर यंत्रखोलीत जाऊन पाहिलं की नेमकं तेच निघायचं. जे मीटर लावून कळायला अर्धा दिवस जाईल ते या माणसाच्या तळपायांना एका फेरीत कळायचं, आणि आम्ही शहाणे लोक त्याच्या बुटांवर विनोद करत होतो. मीही केले आहेत, खोटं कशाला बोलू.

मी एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. बल, वस्तुमान आणि त्वरण हे तीन शब्द माझ्या तोंडून जितक्या वेळा गेले तितक्या वेळा माझ्या सख्ख्या भावंडांची नावंही गेली नसतील. मुलं मला माघारी पायरीबाई म्हणायची. उत्तर बरोबर असलं तरी मधली पायरी गाळली की मी मार्क कापायचे. आधी आकृती, मग वस्तूवर लागणाऱ्या प्रत्येक बलाचा बाण, मग सूत्र, मग आकडे, आणि उत्तर सगळ्यात शेवटी. उत्तर काय, शेजारच्याच्या वहीत डोकावूनही मिळतं, असं मी वर्गात रोज बजावायचे. ते नाव मला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. निवृत्त झाल्यावर ते कुणी घेईना, तेव्हा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मिस्त्रींची आणि माझी ओळख भांडणाने झाली. एका दुपारी लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली आणि आत मी, माझी छत्री आणि दोन किलो कांदे. चाळीस मिनिटांनी मिस्त्रींनी दार उघडून मला वर ओढून घेतलं, तर मी आभार मानायचे सोडून त्यांनाच फैलावर घेतलं. बिचाऱ्यांनी सगळं निमूटपणे ऐकलं. माझा दम संपल्यावर विचारलं, की शाळेत शास्त्र शिकवायच्या त्या बाई तुम्हीच ना. मग खिशातून घड्या पडून मऊ झालेला एक कागद काढून माझ्यापुढे धरला. त्यावर गणितं होती. पाच किलोच्या ठोकळ्यावर वीस न्यूटन बल लावलं तर त्वरण किती, असली. पन्नाशीला टेकलेल्या माणसाच्या खिशात नववीची गणितं पाहून मला हसू फुटलं.

"हसू नका, बाई," ते म्हणाले. "मला यात पास व्हायचंय."

त्यांच्या कंपनीने नवा नियम काढला होता. मिस्त्रीला तपासनीस व्हायचं असेल तर लेखी परीक्षा द्यायची आणि तीही वयाच्या पन्नाशीच्या आत. परीक्षा वर्षातून एकदा, आणि मिस्त्रींना एकोणपन्नास पूर्ण झालेली. म्हणजे एकच डाव होता. मी विचारलं, आहे ते काम काय वाईट आहे? त्यावर त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि शिकवाल का, एवढंच विचारलं. खरं कारण त्यांनी तिसऱ्या शिकवणीला सांगितलं, तेही आधी माझ्याकडून कुणाला न सांगण्याचं वचन घेऊन. त्यांच्या कानात काही बिघाड झाला होता. मान वर केली की डोकं गरगरायचं. आणि लिफ्टच्या मिस्त्रीचं निम्मं काम लिफ्टच्या टपावर उभं राहून वर बघत करायचं असतं, खाली पाच-सहा मजल्यांची पोकळी. कंपनीला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. तपासनीसाला टपावर चढावं लागत नाही, त्याने आतून मोजमाप घ्यायचं आणि कागद भरायचे. म्हणजे या माणसाला बढती नको होती. त्याला जमिनीवर यायचं होतं.

सव्वीस वर्षं ते टपावर होते. त्याआधी लेथवर काम केलेलं, शाळा नववीत सुटलेली. बायको चार वर्षांपूर्वी गेली, घरी एकटी लेक, तेव्हा बारावीला. ही सगळी माहिती मला तुकड्यातुकड्याने मिळाली, कारण मिस्त्री मोजकंच बोलायचे आणि तेही गणित सुटल्यावर.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाच वाजता ते माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसायचे. हात स्वच्छ धुतलेले असायचे, तरी नखांच्या कडेला वंगणाची काळी रेघ राहायची. पहिले आठ-दहा दिवस मी डोक्याला हात लावला. हा माणूस सगळं किलोत बोलायचा. बल किती, तर बारा किलो. मी ओरडायचे, किलो म्हणजे वस्तुमान, बल न्यूटनमध्ये लिहा. ते मान डोलवायचे आणि पुढच्या गणितात परत किलो. एकदा खूप गंभीरपणे म्हणाले, "बाई, तुमचे न्यूटन दहाने भागले की माझे किलो होतात. मग भांडण कशाला?" मी चिडले, पण त्यांची पाठ वळल्यावर पोटभर हसले.

मग एका शुक्रवारी त्यांनी मला लिफ्टमध्ये नेलं. ताणकाटा आणला होता, खाली अवजारांची पिशवी लटकवली. काटा दहा किलोवर. बटण दाबलं आणि लिफ्ट वर निघाली तसा काटा अकराकडे सरकला, मध्ये परत दहावर येऊन गप्प बसला, आणि सहावा मजला आला तसा नऊवर उतरला. मिस्त्रींनी फक्त माझ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं मी ही लिफ्ट फळ्यावर काढत होते, खडूने, चौकोन आणि दोन बाण. एकदाही काटा घेऊन आत उभी राहिले नव्हते. ते मी त्यांना सांगितलं नाही. ठीक आहे, प्रयोग बरा आहे, एवढंच म्हणाले.

त्या दिवसानंतर त्यांची गाडी रुळावर आली. प्रत्येक गणितात आधी आकृती काढायचे आणि चौकोनात एक छोटा माणूस उभा करायचे, हातात पिशवी, पाय अनवाणी. पायरी एकही गाळायचे नाहीत. ठोकळे, गाड्या, दोरीने ओढलेली ओझी, सगळं जमू लागलं. दोन महिन्यांत मला वाटायला लागलं की हा माणूस पास होणार. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात श्रेय घेऊनही टाकलं होतं.

परीक्षेला दहा दिवस राहिले तेव्हाची गोष्ट. त्या मंगळवारी मिस्त्री लेकीला बरोबर घेऊन आले. बाप या वयात काय शिकतोय ते तिने बघावं, असं त्यांना वाटत होतं. ती टेबलाच्या कडेला बसली, वेणीशी चाळा करत. मी पुस्तकातलं गणित घेतलं. लिफ्ट दोन मीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणाने वर निघते, आत साठ किलोचा माणूस, तर जमीन त्याच्या पायांना किती बलाने वर रेटते? त्याचं उत्तर सातशेवीस न्यूटन, मला झोपेतही येतं. पण मिस्त्रींना विचार करायला लागावा म्हणून मी त्यात एक बदल केला. वर जाणारी लिफ्ट निघते याच्याऐवजी थांबते असं घातलं. आकडे तेच ठेवले. मग चहा टाकायला उठले.

परत आले तर वहीत उत्तर होतं, चारशेऐंशी. मी पेन उचललं आणि फुली मारली. पायऱ्या वाचल्याच नाहीत. मी, पायरीबाई, नुसतं उत्तर पाहिलं. हजारो पेपर तपासलेल्या हाताची ती खोड असते, शेवटच्या ओळीकडे बघायचं, डोक्यातल्या उत्तराशी जुळलं तर बरोबर, नाहीतर लाल शाई. आणि माझ्या डोक्यात पुस्तकातलंच उत्तर होतं. गणित मी बदललं होतं, उत्तर बदलायला विसरले होते.

"वर जाताना वजन वाढतं, मिस्त्री. इतके दिवस काय शिकलात?"

ते वहीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पण थांबताना हलकं लागतं, बाई. पायांना कळतं."

लेक ऐकत होती. त्यांनी तिच्यासमोर माझी चूक काढावी हे मला झोंबलं, आणि माझी जीभ सुटली.

"तुमचे पाय पेपर तपासणार आहेत का? तिथे टपावर चालतं तुमचं पायांचं शास्त्र. इथे डोकं लागतं."

पोरीने मान खाली घातली. मिस्त्रींचे कान लाल झाले. त्यांनी चारशेऐंशी खोडलं आणि माझ्या सांगण्याप्रमाणे सातशेवीस लिहिलं, पायऱ्या उलट्या वळवून, त्वरणाचा खालचा बाण वर करून. चहा दोघांनी घेतला, साखर पुरेशी आहे म्हणाले आणि गेले.

दोन दिवसांनी मी बाजारातून परत येत होते. लिफ्टमध्ये एकटीच होते. सहावा मजला आला, लिफ्ट मंदावली आणि पोटात ते ओळखीचं हलकं हलकं झालं. रोज होतं तसंच. मी तिथेच खिळले. दार उघडलं, आपोआप मिटलं, तरी मी आतच. ताणकाटा नऊवर उतरलेला मी याच डोळ्यांनी पाहिला होता. लिफ्ट वर जात होती खरी, पण थांबताना त्वरण खाली होतं. साठ गुणिले, कंसात गुरुत्वाचे दहा वजा थांबतानाचे दोन. चारशेऐंशी. घरात येऊन पिशवी न ठेवता तशीच टेबलाशी बसले आणि तीनदा मांडून पाहिलं. तीनही वेळा त्यांचंच उत्तर आलं.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगायचं की. सरळ सांगायचं, मिस्त्री, माझं चुकलं. दुसऱ्याच दिवशी शुक्रवार होता, ते पाच वाजता आलेही. सकाळपासून मी ते वाक्य मनात घोळवत होते. पण लेकीसमोर एवढं तोडून बोलल्यावर आता कोणत्या तोंडाने सांगणार? मी स्वतःला बजावलं की परीक्षेच्या तोंडावर त्यांचा माझ्यावरचा भरवसा डळमळला तर बाकीचंही विसरतील. हेही बजावलं की असलं गणित पेपरात येत नाही. आणि मग एक पळवाट काढली. तसंच दुसरं गणित घालायचं, ते आपल्या पायांचं ऐकून बरोबर उत्तर लिहितील, मी शाबास म्हणेन आणि विषय मिटेल. माफी न मागता चूक दुरुस्त होईल, अशी ती माझी हुशारी.

मी गणित घातलं. वर जाणारी लिफ्ट थांबते, आत चाळीस किलोचा माणूस. मिस्त्रींनी आकृती काढली, माणूस काढला, क्षणभर थांबले आणि उत्तर लिहिलं. वाढलेलं. मग वही माझ्याकडे वळवून लहान मुलासारखे हसले.

"आता नाही चुकणार, बाई. पायांचं ऐकायचं सोडलं."

पेन माझ्या हातात होतं. फुली मारायला आणि दोन वाक्यं बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी हं म्हटलं आणि पान उलटलं. पुढच्या मंगळवारी ते शेवटचे आले, तेव्हा मी उजळणीला ठोकळे घेतले. लिफ्टला हातच लावला नाही.

ते गणित पेपरात आलं. तीन मार्कांना. वर जाणारी लिफ्ट एक मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या दराने मंदावत थांबते, आत पन्नास किलोचा माणूस. पास व्हायला पस्तीस मार्क लागत होते आणि मिस्त्रींना तेहतीस पडले.

निकाल लागला त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले. तोंड उतरलेलं, पण कपडे इस्त्रीचे, जणू कुणाच्या घरी सांत्वनाला निघाले होते. हातात सफरचंदांची पिशवी. माझे आभार मानायला आले होते. प्रश्नपत्रिका टेबलावर पसरून एकेक गणित दाखवू लागले. इथे घाई केली. इथे घर्षण धरायचं राहिलं. इथे परत किलोच लिहिले, हात मेला ऐकतच नाही. मग त्यांचं बोट लिफ्टच्या गणितावर आलं आणि चेहरा थोडा खुलला.

"हे मात्र पक्कं आलं. पाचशेपन्नास. तुम्ही त्या दिवशी रागावला नसतात तर मी पायांचं ऐकून साडेचारशे लिहिलं असतं. इथे तरी तुमचं नाव राखलं."

 सांग, सांग, असं कुणीतरी आतून ढोसत होतं. पण आता सांगून काय होणार, वय निघून चाललंय, उगीच जखमेवर मीठ, असं म्हणून मी दुसऱ्यांदा तोंड मिटून घेतलं. वर त्यांनाच समजावलं, की परीक्षा म्हणजे काही आयुष्य नव्हे. लाज वाटायला हवी होती मला. सफरचंदं मात्र मी ठेवून घेतली.

मिस्त्री परत टपावर चढू लागले. दर महिन्याला आमच्याकडे यायचे, बूट काढायचे, डोळे मिटायचे. एक फरक मात्र पडला होता, तो फक्त मला दिसायचा. आधी बाहेर येऊन ते ठामपणे सांगायचे, तिसऱ्यावर ब्रेक उशिरा धरतोय. आता म्हणायचे, मला असं वाटतंय, पण मीटर लावून बघतो. यंत्रखोलीकडे जाताना ते हे बोलायचे, तेव्हा मी सहाव्यावर दार किलकिलं करून ऐकायचे आणि आत वळायचे.

दीड वर्ष असं गेलं. मग एका महिन्याला दुसराच मिस्त्री आला, तरणाबांड, बूट घालूनच आत शिरणारा. त्याच्याकडून कळलं. दुसऱ्या एका इमारतीत टपावर काम करताना मिस्त्रींना घेरी आली. खाली पडले नाहीत एवढंच नशीब. लिफ्ट आणि भिंत यांच्यामध्ये उजवा पाय अडकला. टाचेचा चुरा झाला होता. दोन ऑपरेशनं झाली तरी तो पाय पूर्ण टेकायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मी पत्ता घेतला आणि चौथ्या दिवशी गेले. ते तिसऱ्या मजल्यावर राहत होते आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. जिना चढताना प्रत्येक वळणावर मी थांबत होते. दम लागला होता हे खरं, पण भीतीही तेवढीच होती.

दार लेकीने उघडलं. ती आता नोकरी करत होती, वेणी कापलेली. मला पाहून बाजूला झाली, या म्हणाली, पण हसली नाही. मिस्त्री पलंगावर उशीला टेकून बसले होते, पायावर चादर. मला पाहताच उठायला धडपडले. मी खांदा धरून बसवलं. इकडचंतिकडचं बोलून झालं. नव्या मिस्त्रीचा हात कसा आहे, ब्रेकची तक्रार परत आली का, हे त्यांनीच विचारलं. मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. मी बदललेलं गणित, न बदललेलं उत्तर, लिफ्टमध्ये पोटात झालेलं हलकं, तो शुक्रवार, उलटलेलं पान, तीन मार्कांचं ते गणित आणि दोन मार्कांनी गेलेली परीक्षा. सांगताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून सांगितलं.

 ते चिडावेत, निघून जा म्हणावेत, म्हणून मी वाट बघत होते. तेवढं झालं असतं तर मी ते मुकाट्याने घेतलं असतं आणि घरी जाऊन रडले असते.

"म्हणजे माझे पाय बरोबर सांगत होते," मिस्त्री म्हणाले.

मी मान हलवली. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरू शकत नाही. ते खूश झाले. मनापासून. आत हाक मारली, लेकीला बाहेर बोलावलं.

"ऐकलंस का? बाईंसमोरचं ते गणित, ज्याच्यावरून मी बोलणी खाल्ली. माझं बरोबर होतं."

ती ओल्या हातांनी दारात उभी राहिली. आधी बापाकडे पाहिलं, मग चादरीखालच्या पायाकडे, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. मी तिच्या जागी असते तर बोलले असते.

मिस्त्रींनी उशीखालून पेन काढलं, औषधाच्या चिठ्ठीची कोरी बाजू वर केली आणि मला म्हणाले, की बाई, घाला ना एक, थांबणाऱ्या लिफ्टचं. मी घातलं. वर जाणारी लिफ्ट, सत्तर किलोचा माणूस, दोनने मंदावते. त्यांनी चौकोन काढला, आत पिशवीवाला अनवाणी माणूस काढला, वजनाचा बाण लांब, जमिनीच्या रेट्याचा बाण आखूड. सूत्र लिहिलं, आकडे भरले, पाचशेसाठ आणले आणि पुढे न विसरता न्यूटन लिहिलं.

या वेळी मी एकेक पायरी बोट ठेवून वाचली. सगळी बरोबर होती. पेन मागून घेतलं आणि तीनपैकी तीन मार्क दिले. त्यांनी ती चिठ्ठी लेकीकडे दिली आणि कपाटात नीट ठेवायला सांगितली. आता ते मार्क घेऊन मिस्त्री कुठे जाणार होते?